बसलेले कुरव

माझा नवरा अतुल याला नाद लागायला फारसं काही लागत नाही. लग्न झालं तेव्हा मधमाश्या होत्या, त्यानंतर मोत्यांचे शिंपले, मग कुणीतरी सांगितलं म्हणून कडकनाथ. कडकनाथवरून आमची गाडी साध्या अंड्यावरच्या कोंबड्यांवर आली आणि मी ती तिथंच अडवून धरली. तेव्हापासून शेड माझी आणि माझ्या सासूची. गाव तिला विमलताई म्हणतं, मी आई म्हणते. "सोयाबीन रुसते, कापूस रुसते," ती म्हणते, "कोंबडी रुसत नाई." घरातलं सगळं या शेडवर चालतं, आणि ती गेली तर आमच्यापाशी दुसरं काही नाही, हे आम्हा दोघींना पाठ आहे.

म्हणून शेडच्या दाराशी चुन्याची रेघ असते. रेघेच्या आत फक्त शेडच्या चपला, बाहेर बाहेरच्या. रेघेला लागून पोटॅशच्या लाल पाण्याचं घमेलं, त्यात पाय बुडवल्याशिवाय आत जायचं नाही. हा नियम अतुल कुठल्याशा प्रशिक्षणातून घेऊन आला आणि नेहमीप्रमाणे महिनाभरात विसरला. पाळला तो आईनं. सख्ख्या भावाला तिनं रेघेबाहेर उभं करून चहा पाजला होता. भाऊ रुसून गेला, तो पुढच्या पोळ्यापर्यंत बोलला नाही. आईला त्याचं काही वाटलं नाही.

अतुलचा ताजा नाद म्हणजे पक्षी. त्याला कारण अनंत सर. यवतमाळच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालेला माणूस, डोक्यावर कापडी टोपी, गळ्यात दुर्बीण. बोरी अरबच्या पुढे आमच्या गावाखाली धरण आहे. नदी त्यात शिरते तिथं हिवाळ्यात पाणी उतरलं की गाळाची जमीन उघडी पडते आणि आम्ही तिच्यात हरभरा टाकतो. गाळपेर म्हणतात त्याला. आमच्या गाळपेराच्या टोकाशी, नदीच्या तोंडाशी, दर हिवाळ्यात पांढऱ्या पक्ष्यांचा थवा उतरतो. गाव त्यांना सरसकट बगळे म्हणायचं. सरांनी सांगितलं, हे कुरव, समुद्राकाठचे पक्षी. समुद्र सोडून आमच्या चिखलात काय पाहायला येतात, ते त्यांचं त्यांना माहीत.

सर आणि त्यांची जुनी विद्यार्थिनी गुंजन दर जानेवारीत या कुरवांची मोजणी करायला येत. मोजणी म्हणजे नुसतं एक-दोन-तीन नाही. त्यांच्यात दोन जाती मिसळून बसतात, एक काळ्या डोक्याची आणि एक तपकिरी डोक्याची. गंमत अशी की हिवाळ्यात दोघांच्याही डोक्यावरचा रंग जातो. नावं डोक्यावरून आणि डोकंच पांढरं. दोघांच्याही कानामागे एक काळा ठिपका तेवढा उरतो. आता ओळखा. तपकिरीचा डोळा फिकट असतो म्हणे, पण त्याच्या पोरवयात तोही काळाच. खरी ओळख पंखात. पंख उघडला की एकाच्या काळ्या टोकावर पांढरे ठिपके दिसतात, दुसऱ्याच्या पंखाची पुढची कड पांढरी असते. म्हणजे बसलेला कुरव कुणालाच सांगता येत नाही. तो उडवावा लागतो. अतुलनं उडवायचं काम अंगावर घेतलं होतं आणि त्यासाठी माझी एक चांगली जर्मनची थाळी ठोकून ठोकून वाया घालवली होती.

यंदा ते आले तेव्हा थंडी जबर होती. दुपारी मी भाकरी, वांग्याची भाजी आणि ठेचा घेऊन गाळपेरावर गेले. बांधावर सरांची मोठी दुर्बीण तिपाईवर उभी होती आणि गुरू-शिष्येचं भांडण रंगात आलं होतं.

"सगळे तपकिरी आहेत," सर म्हणाले. "इतकी वर्षं पाहतोय मी. या धरणावर काळ्या डोक्याचा येत नाही."

"सर, यातले निदान निम्मे काळ्या डोक्याचे आहेत," गुंजन दुर्बिणीवरून डोळा न काढता म्हणाली. "डोळे बघा ना."

"पोरवयातले तपकिरी आहेत ते."

"एवढे सगळे पोरवयातले?"

अतुल दोघांच्या मधे उभा होता. नवा हिरव्या चौकडीचा दुपट्टा त्यानं कानाला बांधला होता. आईनंच त्याच्यासाठी दारव्ह्याच्या बाजारातून आणला होता. त्याचा जीव नुसता फुलला होता. असल्या भांडणाचा निकाल आपल्या हातून लागावा, यापरतं त्याला सुख नाही.

मी टोपलं खाली ठेवलं आणि पाण्याकडे पाहिलं. मला आधी काय खटकलं ते सांगते. आवाज नव्हता. एरवी हे पक्षी बाजारातल्या बायांसारखे भांडत असतात, हरभऱ्यातून ऐकू येतात. आज तीच पांढरी रांग चिखलावर बसली होती, माना आत ओढून, आणि नदीच्या पाण्याचा आवाज ऐकू येत होता. आम्ही बोलत बोलत पार काठाशी गेलो तरी एकानंही जागा सोडली नाही.

"इतक्या जवळून कधीच मिळाले नव्हते," सर हलक्या आवाजात म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर देवदर्शन झाल्यासारखं समाधान होतं. "आज आपल्यावर प्रसन्न आहेत."

गुंजन फोटोमागून फोटो काढत होती. एक कुरव मान उलटी पाठीवर टाकून बसला होता. ती म्हणाली, पिसं साफ करतोय. पाण्यात एक जण एकाच जागी गोल गोल फिरत होता. त्याच्याबद्दल कुणी काहीच म्हणालं नाही. अशी कोंबडी मी शेडमधून लगेच वेगळी काढली असती. पण मी कोण बोलणारी? मला कोंबड्यांतलं कळतं, आणि समुद्राकाठच्या पक्ष्यांच्या रीती निराळ्या असतील, असं मी मनाशी म्हटलं.

"उडवा आता अतुलभाऊ," गुंजन म्हणाली. "पंख दिसले की सरांना मान्य करावंच लागेल."

अतुलनं थाळी बडवली. दोन-चार पक्षी उठले, हातभर उंच गेले आणि धपकन परत बसले. बाकीचे जागचे हलले नाहीत. त्यानं पुन्हा बडवली, ओरडला, चिखलाचं ढेकूळ फेकलं. ढेकूळ एका कुरवाच्या शेजारी पडलं तर त्यानं नुसती मान फिरवली आणि परत मिटून घेतली.

"थंडीनं आळसावलेत," सर म्हणाले.

"थांबा, मी जाऊन पाह्यतो," म्हणत अतुल पँट वर सारून चिखलात उतरला.

"अतुल, कायले जाता तुमी?" मी म्हटलं. त्यानं ऐकलं नाही. आ बैल मुझे मार, याचं दुसरं नाव माझा नवरा. तो गुडघाभर गाळात गेला, वाकला, आणि जंगली पक्षी त्यानं दोन्ही हातांनी असा उचलून घेतला, जशी मी शेडमधली खुडुक कोंबडी उचलते. पक्ष्यानं ना चोच मारली ना पंख फडकवले.

काठावर येऊन त्यानं कानाचा दुपट्टा सोडला, पक्षी त्यात धरला आणि सरांनी पंख उलगडला. पुढची कड पांढरीशुभ्र होती.

"काळ्या डोक्याचा," सर म्हणाले. "तू म्हणालीस ते खरं."

गुंजन हसली. सरही हसले. जिल्ह्यात या पक्ष्याची नोंद फार थोडी आहे, असं काहीतरी ते बोलत होते, अतुल मान डोलवत होता. मी पक्ष्याकडे पाहत होते. त्याच्या चोचीतून पाण्यासारखा धागा लोंबत होता. शेपटीखालची पिसं हिरवट घाणीनं चिकटली होती आणि ती घाण दुपट्ट्याला लागत होती. मग त्याची मान अतुलच्या मनगटावर पडली आणि उचलली गेली नाही.

"मेला," अतुल म्हणाला. त्याचा आवाज एकदम पडला.

सरांना वाईट वाटलं, पण त्यातही त्यांचा मास्तर जागा होता. नमुना म्हणून कॉलेजात ठेवू, म्हणाले. रात्रभर आमच्या फ्रीजमध्ये राहू द्यायचा, सकाळी नेऊ, असं त्यांनी सुचवलं. त्या क्षणी माझं डोकं फिरलं.

"माझ्या घरात मेला पक्षी येणार नाही," मी म्हटलं. "घर आणि शेड एका अंगणात आहे सर. तुमचा नमुना तुमच्या गाडीतून न्या."

अतुल मला डोळ्यांनी दटावत होता. पाहुण्यांपुढं असं बोलायचं नसतं, हे मलाही कळतं. पण सर समजूतदार. त्यांनी गाडीतून एक खोकं काढलं, पक्षी त्यात टाकला आणि दोघं यवतमाळला निघून गेले. जेवण तसंच राहिलं. अतुलनं दुपट्टा झटकला आणि मोटरसायकलच्या हँडलला अडकवला.

घरी आल्यावर मी त्याला अंगणातही येऊ दिलं नाही. फाटकाबाहेर गाडी लावायला लावली, बोअरच्या पाइपाखाली कुडकुडत आंघोळ करवली, कपडे उकळत्या पाण्यात टाकले, चपला पोटॅशमध्ये. माझ्याही चपला, माझंही लुगडं. "मले बी तसंच उकळ आता," अतुल कुरकुरला. आई ओट्यावरून सगळं पाहत होती. तिला मी पक्ष्याची गोष्ट सांगितली. अतुलनं त्याला हातात धरलं होतं आणि तो हातातच गेला, एवढं ऐकून ती म्हणाली, "बरं केलं त्याले धुतलं तं." मग शेडमध्ये संध्याकाळचं पाहायला निघून गेली.

"दुपट्टा कुठी हाय?" दिवेलागणीला मला आठवलं. फाटकाबाहेर जाऊन पाहिलं तर हँडल रिकामं.

"रस्त्यात पडला असन," अतुल म्हणाला. "वारं होतं न."

बरं झालं, पीडा गेली, असं मला वाटलं. मी मनात खरोखर हेच शब्द म्हटले.

दुसऱ्या दिवशी गाळपेरावर कावळे जमले. तिसऱ्या दिवशी शेजारच्या देवरावचा कुत्रा तोंडात पांढरा पंख घेऊन गावात आला आणि पोरं त्याच्या मागे धावली. मी त्या पोरांना शिव्या घालून पांगवलं. देवराव म्हणाला, "काहून एवढी चिडून राह्यली वो वहिनी, पक्षीच तं हाय." त्याच दुपारी गुंजनचा फोन आला. तिचा आवाज तिचा वाटत नव्हता. दुसऱ्या एका धरणावरही पक्षी मरत होते, सरांनी तो कुरव तपासणीला दिला होता.

"ताई, तुमच्या कोंबड्या बऱ्या आहेत ना?" तिनं विचारलं.

"बऱ्या आहेत," मी म्हटलं. आणि ते खरं होतं. पण हा प्रश्न कुणी विचारला की कोंबड्या बऱ्या राहत नाहीत, असं मला वाटून गेलं.

त्या दिवसापासून मी डोळ्यांत तेल घालून पहारा सुरू केला. चुन्याची रेघ दुहेरी केली. अतुलला शेडपासून लांब ठेवलं, तोही बिचारा मुकाट लांब राहिला. शेडच्या जाळीवर थंडीचे गोणपाटाचे पडदे होतेच, चिमणीही घुसू नये म्हणून जाळीला जिथं तिथं तार ओढली. शेडमध्ये आम्ही दोघीच. खाद्य-पाणी माझं, अंडी उचलणं आईचं. ती अंडी घालायच्या खोक्यांच्या मागे वाकून वाकून फिरायची, मी पुढच्या बाजूला असायची. संध्याकाळी ट्रे मोजताना आम्ही एकमेकींकडे पाहायचो आणि बोलायचो नाही. कारण बोलायला काही नव्हतं, अंडी रोजच्यासारखीच होती.

मग एक सकाळ अशी उगवली की मी दार उघडलं आणि आत गाळपेरावरची शांतता होती.

कोंबड्या जागेवर होत्या. मला पाहून एरवी पायात पायात येतात, त्या आल्या नाहीत. उत्तरेकडच्या कोपऱ्यात, खोक्यांजवळ, बऱ्याच जणी माना आत ओढून बसल्या होत्या. मी एकीला उचललं. तिचा तुरा जांभळा पडला होता. चोचीतून पाण्यासारखा धागा. मी तिला खाली ठेवलं, आणि माझे हात मी कुठं ठेवू, ते मला कळेना.

आई माझ्या मागे उभी होती. तिच्या हातातल्या ट्रेमध्ये कवच नसलेली, पिशवीसारखी अंडी होती. "थंडी लागली असन," ती म्हणाली.

दुपारपर्यंत त्या कोपऱ्यातल्या मरायला लागल्या. अतुल रेघेबाहेर उभा राहून म्हणाला, "दोन दिवस पाहू. कळवलं का सगळं जाते. आपलंच नाई, गावातल्या सगळ्यायच्या कोंबड्या मारतात ते." देवराव कुंपणावरून म्हणाला, "ज्या चांगल्या दिसून राह्यल्या, त्या आजच बोरीच्या बाजारात काढून टाका, कोणाले कळन." त्याच्याही परसात गावरान कोंबड्या होत्या, त्याची बायको गंगी त्यांना नावानं हाक मारायची.

मलाही मोह झाला. खोटं कशाला बोलू. सगळं तासाभरात टेम्पोत भरून झालं असतं. पण कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, आणि बोरीच्या बाजारातून ती कोंबडी कुणाच्या अंगणात गेली असती, हे मला दिसत होतं. मी घरात जाऊन पशुवैद्यकाला फोन लावला. बोलताना माझा आवाज नीट होता. फोन ठेवल्यावर मी ओट्यावर बसून रडले, आणि अतुल माझ्याशेजारी बसला तर मी त्याला उठवून लावलं.

नमुने गेले. बर्ड फ्लू असं उत्तर आलं, ते पांढऱ्या पोशाखातल्या माणसांसोबतच. डोक्यापासून पायापर्यंत झाकलेली माणसं, चष्मे, हातमोजे. अंगणामागे जेसीबीनं खड्डा घेतला, चुन्याच्या गोण्या उतरल्या. इतका चुना मी आयुष्यात पाहिला नव्हता. देवरावच्या कोंबड्याही पोत्यात घालून आणल्या. गंगी आमच्या दारात आली नाही, पण तिचा आवाज येत होता. ती आम्हाला काय काय म्हणत होती, ते सगळं ऐकू आलं.

त्यातल्या डॉक्टरनं मला विचारलं, "बाहेरून आत काय आलं होतं? माणूस, भांडं, पोतं?"

"काही नाही," मी म्हटलं. "आम्ही दोघीच जातो. रेघ पाळतो."

"सुरुवात त्या कोपऱ्यातूनच कशी झाली मग?" तो स्वतःशीच म्हणाला आणि आत गेला.

हा प्रश्न मलाही कुरतडत होता. अतुल शेडमध्ये गेला नव्हता. कपडे उकळले होते. चिमणी आत शिरली नव्हती. मी मनात तो सगळा दिवस उलगडून पाहत होते आणि मला एकही भोक सापडत नव्हतं.

आई कडुनिंबाखाली बसली होती. तिला हात धरून बाहेर आणावं लागलं होतं. घाईत ती शेडच्या चपला घालूनच रेघेबाहेर आली होती, आजवर कधी आली नव्हती. आतून आधी फडफड ऐकू आली, मग कमी कमी होत गेली. अतुल तिच्या पायाशी उकिडवा बसला होता.

"प्रेरणा," आई म्हणाली, "त्या मान्सायले एक सांग वो. खोक्यामागं उत्तरेकडल्या पडद्याले फट हाय. तिच्यात अतुलचा दुपट्टा कोंबून हाय, तेवढा काढून दे म्हणा. नाईतं जाळतीन ते. नवा हाय."

अतुलनं मान वर केली.

"कोणता दुपट्टा?" मी विचारलं.

"हिरव्या चौकडीचा. तुमी गाळपेरावरून आल्या त्या दिवशी गाडीले लटकून होता. धरणाकडून असा वारा येत होता, कोंबड्या सगळ्या एका अंगाले होऊन बसल्या होत्या. मंग मीच कोंबला." ती शेडकडे पाहत होती. बोलता बोलता तिचं बोलणं हळू झालं. मग थांबलं. आई शिकलेली नाही, पण ती बावळटही नाही.

तिनं माझ्याकडे वळून पाहिलं. "त्या पक्ष्याले कायच्यात धरलं होतं वो यानं?"

अतुलचे ओठ हलले. खरं बोलण्याची त्याला खोड आहे, सगळ्या नादांत ही एकच टिकलेली. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो दाबला.

"पोत्यात," मी म्हटलं. "खताच्या रिकाम्या पोत्यात. हवेतून येतो आई हा रोग. पक्षी वरून जातात, त्यांच्यातून पडतो."

"पोत्यात?" तिनं अतुलला विचारलं.

"हो आई," अतुल जमिनीकडे पाहत म्हणाला. "पोत्यातच."

आईनं आधी त्याच्याकडे, मग माझ्याकडे पाहिलं. आतला आवाज आता पुरता थांबला होता. मग गुडघ्यावर हात टेकून ती उठली, शेडच्या दारापर्यंत गेली. पांढऱ्या पोशाखातला माणूस तिला अडवायला पुढं आला तशी ती बाहेरच थांबली. पायातल्या चपला काढून तिनं रेघेच्या आत, रोजच्या जागी, जोडीनं लावून ठेवल्या आणि अनवाणी घराकडे गेली. दुपट्ट्याचं तिनं पुन्हा विचारलं नाही.